पाटलाच्या सुनेने फुले विकावीत का?

(धरणगाव येथील शेतकरी महिला मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या भगिनी पूर्वी पतसंस्थेत नोकरीला होत्या. आता गावातच हार-फुलांचे दुकान चालवतात.)



नोकरी गेल्यावर दुकान कसं टाकलं ते सांगा, असं मला मेळाव्याच्या मंडळींनी सांगितलंय. ते मी सांगणार आहे. पण त्याच्या आधी एका आडनावाबद्दल बोलू द्या.

आपल्या प्रत्येक सभेत महात्मा फुल्यांची तसबीर असते. 11 एप्रिलला जयंती, 28 नोव्हेंबरला पुण्यतिथी, दोन्ही दिवशी आपण तिला हार घालतो. हे फुले आडनाव त्यांच्या घराण्याचं मूळचं नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? घराणं गोऱ्ह्यांचं, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. तिथं कुळकर्ण्याशी वैर झालं, गाव सोडावं लागलं आणि कुटुंब पुरंदर भागात खानवडीला आलं. जोतिरावांचे आजोबा शेटिबा. त्यांच्या वेळेला हात इतका आखडला की खानवडीही सुटली आणि पोरांना घेऊन त्यांनी पुणं गाठलं. म्हणजे आज आपली पोरं गाडीत बसून सुरतला उधन्याला जातात ना, तशातलंच हे. पुण्यात एका फूलवाल्यानं त्या पोरांना हाताखाली घेतलं. पोरं शिकली, हार-गजरे करू लागली, आणि त्यांच्या कामाचा लौकिक झाला. पेशव्यांकडच्या सणसमारंभाला त्यांच्या हातचे हार आणि फुलांच्या गाद्या जाऊ लागल्या. त्या कामावर खूश होऊन दरबारानं 35 एकर जमीन इनाम दिली, असं चरित्रकार सांगतात. तेव्हा गोऱ्ह्यांचे फुले झाले.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. शेतीवर भागेना म्हणून त्या माणसांनी धंदा बदलला, आणि नव्या धंद्याची लाज वाटायच्या ऐवजी तो आडनावात मिरवला. ही एक. दुसरी अशी की वाड्यावर फुलांची पाटी नेऊन ओतली म्हणून इनाम मिळाली नाही. वाड्यावर गादी गेली, हार गेला. फुलाला हात लागला, तेव्हा त्याची किंमत झाली.

आता माझं. मी बी.कॉम. झालेली, लग्न होऊन धरणगावात आले आणि एका पतसंस्थेत नऊ वर्षं काउंटरवर बसले. 2007-08 नंतर आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्थांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. इथं बसलेल्यांपैकी कित्येकांच्या ठेवी अडकल्या असतील. आमच्या संस्थेतही तेच झालं. म्हातारी माणसं पासबुक घेऊन यायची, काचेपलीकडून माझ्याकडं बघत उभी राहायची आणि माझ्याकडं सांगण्यासारखं काही नसायचं. पुढे आमचे पगार थांबले, मग शटर खाली आलं. घरी चार एकर जमीन, त्यात कपाशी.

त्या कपाशीच्या कडेनं आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, झेंडूची एक ओळ लावायचे. हिरव्या बोंडअळीचं फुलपाखरू झेंडूकडं ओढलं जातं, म्हणून सापळा पीक म्हणून लावायचा, ही शिफारस जुनीच आहे. झेंडूच्या मुळांमुळं जमिनीतली सूत्रकृमीही कमी होते. (2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीची वाट लावली, तिच्यापुढं मात्र झेंडूचं काही चाललं नाही. ती बोंडातच लपून बसते.) त्या ओळीची फुलं आम्ही दसऱ्याला देवाला वाहायचो, शेजाऱ्यांना वाटायचो, उरलेली गुरांपुढं. मी पहिला हार केला तो त्या फुकटच्या फुलांचा.

दुकान टाकायचं म्हटल्यावर गल्लीत बोलणं सुरू झालं. "आते पाटीलनी सून फुले इकी का?" फुलं विकायची ती माळ्यानं, हार करायचा तो गुरवानं, आपण कपाशी पिकवायची आणि भाव पडला की कपाळाला हात लावायचा, अशी आपली वाटणी. सुनेनं पतसंस्थेत दुसऱ्याचे पैसे मोजलेले चालतात, स्वतःच्या शेतातल्या फुलाचे पैसे मोजलेले चालत नाहीत. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुलांची टोपली डोक्यावर घेतली आणि बाजारपेठेतून चालत दुकानापर्यंत आणून ठेवली. त्यानंतर निदान आमच्या तोंडावर कोणी विचारलं नाही.

आता धंद्याचं बोलू. इथं झेंडू लावणारे बरेच आहेत. तुम्ही काय करता? दसऱ्याच्या आदल्या रात्री क्रेट भरता, जळगावला नेता. कोणी गाडी करून थेट कल्याण, दादरला जातो. सकाळी जो झेंडू चढ्या भावानं जातो तोच दुपारी कोणी विचारत नाही, आणि संध्याकाळी परतीचं भाडं नको म्हणून रस्त्याच्या कडेला ओतून लोक गावी येतात. टीव्हीवर दरवर्षी ते ढीग दाखवतात. फुलाला थांबता येत नाही. कपाशी निदान घरात भरून ठेवता येते, झेंडूला ती सोय नाही. म्हणून ज्याच्याकडं फक्त फूल आहे तो बाजारातला सगळ्यात लाचार माणूस.

हिशेब समजावा म्हणून आकडे धरते, भाव रोज बदलतात. झेंडू धरा 30 रुपये किलो. किलोभर फुलांत मध्यम आकाराचे चार हार सहज होतात. हार 40 रुपयांना गेला तर 160 झाले. कोणी म्हणेल, वा, 130 रुपये नफा! थांबा. दोरा आला, सुकलेली-चिंबलेली फुलं बाजूला काढली ती आली, दुकानाचं भाडं आलं, आणि हार करणाऱ्या बाईची मजुरी आली. ती बाई घरची असली तरी आली. उत्पादन खर्च काढताना घरच्यांची मजुरी धरा असं आपण सरकारला इतकी वर्षं सांगतो आहोत, मग आपल्या ओट्यावर बसलेल्या बाईची मजुरी आपणच का खायची? सगळं वजा केल्यावरही जे उरतं ते क्रेट विकणाऱ्याच्या हाती कधी लागत नाही. 1991 साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, त्यात माजघर शेती होती. शेतातला माल घरात आणून, त्यावर काम करून मग विकायचा. लोकांनी तेव्हा पापड-लोणच्याचा विचार केला. हारही त्यातच बसतो.

आता सगळ्यात अवघड भाग. फुलाचा धंदा पंचांगावर चालतो आणि शेत हवामानावर. दोघांची गाठ आपण घालायची. 2023 साली दसरा होता 24 ऑक्टोबरला. 2024 साली 12 ऑक्टोबरला. 2025 साली आला 2 ऑक्टोबरला. तीन वर्षांत 22 दिवसांचा फरक. झेंडूचं बी टाकल्यापासून रोप तयार व्हायला तीन-चार आठवडे, लागवडीपासून फूल तोडणीला यायला साधारण दोन महिने. म्हणजे दसऱ्याच्या मागं तीन महिने मोजायचे आणि रोप टाकायचं. जो शेतकरी "दरवर्षी आषाढात पहिला पाऊस झाला की" किंवा "अमुक तारखेला" म्हणून रोप टाकतो त्याचा झेंडू एखाद्या वर्षी सणाच्या पंधरा दिवस आधी फुलून बसतो. अधिक महिना आला की सण पुढं सरकतात हे लक्षात ठेवा. 2023 ला अधिक श्रावण होता. 2026 ला अधिक ज्येष्ठ, त्यामुळं दसरा परत ऑक्टोबरच्या विशीकडं. आणि हाच अधिक ज्येष्ठ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. अधिकात आपल्याकडं लग्नं लावत नाहीत. म्हणजे मोगरा भरात आणि मांडव रिकामे! जानेवारीत मोगरा छाटतानाच हे ठाऊक पाहिजे. सगळी रोपंही एकदम लावू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं दोन-तीन टप्प्यांत लावा. दसऱ्याचं हुकलेलं दिवाळीला लागतं, शेंडे वेळेवर खुडले तर झाड फुटवा धरतं आणि तोडे वाढतात.

आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. त्या उन्हात पुण्या-नाशिकसारखी फुलं मागून चालायचं नाही. ज्या फुलाचा जो काळ, तेच विकायचं. मोगऱ्याला ऊन मानवतं. हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायचं, छाटणी करायची, मग पाणी सुरू करायचं की मार्चपासून कळी धरतो. ती कळी पहाटे, उमलायच्या आत तोडावी लागते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की संध्याकाळी लग्नाच्या मांडवात उमलते. गलांडा कमी पाण्यात तग धरतो. त्याला वास नाही, पण हारात रंग भरतो आणि पडेल त्या दिवशी मिळतो. गुलछडीचे कंद एकदा उन्हाळ्यात लावले की दोन-तीन वर्षं बघायला नको. सुटी फुलं हाराला, दांडे फुलदाणीला. शेवंती आखाजीच्या आसपास लावायची. ती दिवस लहान व्हायला लागले की फुलते, म्हणून ती दिवाळीपासून पुढं मार्गशीर्षापर्यंत आपली. थंडीत अष्टर आणि कुंदा. ठिबक करा. ठिबकचं गाव आपल्या शेजारी आहे आणि आपणच पाटानं पाणी सोडायचं, हे बरं दिसत नाही.

आणि जे लावावंच लागत नाही त्याचं काय? शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार लागतो. रुई आपल्या बांधावर उगवते, आपण ती उपटून फेकतो. श्रावणात सोमवारी बेल, जिवतीला आघाडा, गणपतीला दूर्वा आणि पत्री, गौरीला तेरडा, दसऱ्याला आपटा, सत्यनारायणाला केळीचे खांब. केळी तर आपल्या जिल्ह्याचं नाव. रावेर-यावलकडं घड कापला की खोड बांधावर कुजत पडतं. त्याच्या सोपाचा दोरा पूर्वी हाराला वापरायचे. पाण्यात भिजवून घेतला की फूल कापत नाही. नायलॉनचा दोरा नाजूक देठाला कापतो आणि निर्माल्यातून गाईच्या पोटात जातो. मी मोगऱ्याला आणि गुलछडीला सोपाचाच दोरा घेते. अमळनेरला मंगळग्रह मंदिरात दर मंगळवारी केवढी गर्दी असते! धरणगावहून गाडीनं तासाभराच्या आत. मंगळाला लाल फूल लागतं. लाल जास्वंद, लाल कण्हेर, ही कुंपणाची झाडं आहेत. कुंपण लावायचंच आहे तर फुलाचं लावा.

तुम्ही विचाराल, गिऱ्हाईक हे सगळं ऐकतं का? लग्नाच्या घरी मुलगा मोबाइल पुढं करतो, "ताई, असा हार पाहिजे." त्यात थायलंडहून आलेली जांभळी ऑर्किड, पॉलिहाऊसमधला जरबेरा. मी नाही म्हणत नाही. मी त्याच्या आईला मोगऱ्याची वेणी करून हातात देते आणि किंमत सांगते. आईनं वास घेतला की निम्मं काम होतं. पॉलिहाऊसवर माझा राग नाही. 1991 नंतर पुण्याच्या बाजूला, मावळात, परदेशात फुलं पाठवायला मोठमोठी पॉलिहाऊस उभी राहिली. काही टिकली, बरीच कर्जात गेली, आणि जी टिकली ती फेब्रुवारीत गुलाब पाठवून पैसे मिळवतात. ज्याच्याजवळ भांडवल, वीज आणि जवळ विमानतळ आहे त्यानं जरूर करावं. धरणगावच्या चार एकरवालीनं ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मागवून विकलं तर ती फक्त दलाल होते, आणि दलालीत शहरवाला तिच्यापेक्षा नेहमी हुशार असतो.

मोसमात जे फुलेल तेच विकायचं, हे काही फक्त गरिबाचं शहाणपण नाही. इंग्लंडात दुकानातली बहुतेक फुलं हॉलंडकडून येतात, केनियातून येतात. तिथं यॉर्कशायरमध्ये गिल हॉजसन नावाच्या बाईंनी 2011 साली घरच्या शेतात फुलं करणाऱ्यांची संघटना सुरू केली. त्यातल्या पुष्कळ जणी आधी नोकरीत होत्या. बाहेरून येणारी फुलं खोक्यात चपटी बसतील अशीच वाढवलेली असतात, बिनवासाची. वासाची, नाजूक, दूर न पाठवता येणारी फुलं शेजारचीच बाई देऊ शकते, या एका गोष्टीवर त्यांचा धंदा उभा आहे. आपला मोगरा काय वेगळा आहे? आपल्या या धरणगावात 1890 साली बालकवींचा जन्म झाला. 'फुलराणी' शाळेत सगळ्यांनी पाठ केली. पण त्यांच्या गावचा सत्कार असला की बुके जळगावहून येतो, तोही सेलोफेनमध्ये गुंडाळून.

प्लॅस्टिकच्या फुलांचं विचारतील म्हणून तेही सांगते. फूल उत्पादकांनी बंदी मागितली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, विधिमंडळात बोलणी झाली. मला विचाराल तर बंदीच्या भरवशावर मी रोप टाकणार नाही. सरकारनं आज दुसऱ्याच्या मालावर बंदी घातली म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि उद्या आपल्या कांद्यावर, साखरेवर घातली की रडायचं, हे मला पटत नाही. कोपऱ्यावरच्या हॉलवाल्यानं प्लॅस्टिकचं तोरण एकदा आणलं की पाच वर्षं लावतो, धूळ बसली तरी. त्याला मी गाठून विचारलं, तुझ्या मुलीच्या लग्नात वरमाला प्लॅस्टिकची घालशील का? वरमाला प्लॅस्टिकची चालत नाही, आणि प्रेताला तर नाहीच नाही. ताज्या फुलाला अजून जागा आहे ती आपण धरायची.

प्रेताचं काम अशुभ म्हणून नवीन दुकानवाली ते टाळते. टाळू नका. लग्नाला मुहूर्त आहे, त्याला नाही. रात्री अडीच वाजता दार वाजलं तरी मी हार करून दिलेत. त्या घरची माणसं मग दसऱ्याला, लग्नाला, वास्तुशांतीला आपल्याकडंच येतात.

धोकाही सांगायला पाहिजे, नाही तर मी बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या माणसासारखी बोलले असं होईल. मार्च 2020 मध्ये मंदिरं बंद झाली ती नोव्हेंबरात उघडली. 2021 ला पुन्हा एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कुलूप. लग्नाला मोजकी माणसं. ऐन उन्हाळ्यात मोगरा झाडावर पिवळा पडला, गुलछडीवर ट्रॅक्टर फिरला. ज्यांनी सगळी जमीन फुलाला दिली होती ते उठलेच नाहीत. आमची दीड बिघा फुलं होती, बाकी कपाशी आणि दादर, म्हणून तग धरला. चार एकरात दीड बिघ्याच्या पुढं मी आजही जात नाही. कोणी आग्रह केला तरी तुम्हीही जाऊ नका. जेवढ्या फुलांना तुमच्या ओट्यावर हात मिळतील तेवढीच फुलं लावा, बाकीचा क्रेट पुन्हा बाजाराच्या दयेवर.

हातांबद्दल शेवटचं बोलते. दसऱ्याच्या आठवड्यात माझ्याकडं गल्लीतल्या अकरा बायका हार करायला बसतात. हारामागं मजुरी, रोजच्या रोज, हातात. एकीच्या नवऱ्यानं मला सांगितलं, पैसे माझ्याकडं देत जा. मी म्हटलं, दादा, तुम्ही येऊन हार करा, तुमचे तुमच्याकडं देईन. ते हसले आणि गेले. दुकानाचं नाव, खातं, सगळं माझ्या नावावर आहे, आणि फुलांचा तुकडा आबांनी सातबाऱ्यावर माझ्या नावे केला. फुल्यांच्या घराण्यातसुद्धा पुढं थोरल्या भावानं इनाम एकट्यानं ताब्यात घेतली आणि धाकट्यांच्या वाट्याला फारसं काही राहिलं नाही, असं चरित्रात आहे. तेव्हा कागद आधी करून घ्या, फुलं मागून.

मी सोबत या वर्षाचं पंचांग आणलंय, सोप आणि सुयाही आहेत. जेवणानंतर मागच्या पडवीत बसते. ज्यांना रोप टाकायची तारीख काढायची आहे त्यांनी आपल्या शेताला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं ते आठवून या. ज्यांना गाठ शिकायची आहे त्यांनी नुसते हात धुऊन या.